खारा वारा, सादळलेली हवा आणि आपली गॅजेट्स: गोव्यातले अनुभव

करंजाळ्याचा वारा · १२ जुलै २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. पणजीच्या करंजाळ्यात माझे घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की पश्चिमेकडच्या खिडकीच्या काचेवर दोन दिवसांत धुरकट थर बसतो, आणि बोट लावून चाखल्यास तो स्पष्टपणे खारट लागतो. नवी इलेक्ट्रॉनिक उपकरणे घेणे, ती मनापासून वापरणे आणि शक्य असेल तेव्हा उघडून आतली रचना पाहणे हा माझा पंधरा वर्षांचा छंद आहे. खरेदीपूर्वी मी परीक्षणे वाचतो. परंतु ती बहुधा वातानुकूलित खोलीत, वस्तू हाती आल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात लिहिलेली असतात. तीच वस्तू आपल्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात कशी वागते, हे त्यांत सापडत नाही. ती माहिती आपणच एकमेकांना द्यावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

सुरुवात माझ्या एका नुकसानीपासून करतो. एका मोठ्या कंपनीचा हातात धरून खेळायचा कन्सोल मी तीन वर्षांपूर्वी घेतला होता. पहिला पावसाळा नीट गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास, डावी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, सोडून दिलेली असतानाही खेळातले पात्र आपोआप डावीकडे सरकू लागले. यालाच स्टिक ड्रिफ्ट म्हणतात. सेटिंगमध्ये जाऊन डेडझोन, म्हणजे स्टिकची जी हालचाल यंत्राने दुर्लक्षावी ती मर्यादा, वाढवली. महिनाभर निभावले आणि मग तेही पुरेनासे झाले. शेवटी कन्सोल उघडला, तेव्हा आतल्या दोन स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस गंज होता आणि एका जोडणीच्या तांब्यावर देवघरातल्या न घासलेल्या समईवर चढतो तसा हिरवा कळंक चढलेला होता. हे उपकरण कधीही पाण्यात पडलेले नव्हते, पावसात नेलेले नव्हते, आणि रोज रात्री कपाटात ठेवलेले असे.

मग हे पाणी आले कोठून? यावर मी बरेच वाचले आणि जे उमगले ते मला इतके महत्त्वाचे वाटते की ते सविस्तर लिहितो. लाटा फुटताना जे बुडबुडे फुटतात, त्यांतून खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे येतात. पंखा असलेले प्रत्येक यंत्र, मग तो लॅपटॉप असो वा कन्सोल, ही हवा दिवसभर आत ओढते आणि मिठाचे कण सर्किट बोर्डावर साठत जातात. कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही, त्यामुळे ते तेवढ्यापुरते निरुपद्रवी असते. परंतु सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतली वाफ शोषून स्वतःच विरघळू लागते. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातले जाडे मीठ बरणीत पाझरते ते याच कारणाने. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असते, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावा धरते. म्हणजे बोर्डावर बसलेला हा थर जून ते सप्टेंबर जवळजवळ अखंड ओला असतो आणि खारे पाणी हे विजेचे उत्तम वाहक आहे. दोन बिंदूंमध्ये विजेचा दाब असला की धनाग्राकडच्या धातूचे आयन निघून ऋणाग्राकडे जातात, तेथे झाडाच्या फांद्यांसारख्या धातूच्या बारीक तारा वाढतात आणि एक दिवस शॉर्ट सर्किट होते.

मी एक छोटा आर्द्रतामापक आणून कपाटात ठेवला. जुलैमध्ये त्यावर सलग आठ दिवस ८५ ते ९१ टक्के असे आकडे दिसले. आपण ज्याला सुरक्षित जागा समजतो, ती ही.

स्टिकविषयी थोडे अधिक. बहुतेक कंट्रोलरमध्ये स्टिकची दिशा पोटेन्शिओमीटरने मोजली जाते; कार्बनच्या पट्टीवरून धातूचा एक पाय घासत फिरतो आणि त्यानुसार रोध बदलतो. हॉल इफेक्ट पद्धतीत चुंबक आणि संवेदक यांच्यात स्पर्शच नसतो. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, आणि खेळांच्या जगातही तो काही नवा नाही. सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हॉल संवेदक होते. हे तंत्र पंचवीस वर्षांहून जुने असताना महागड्या यंत्रांत आजही घासणारी पट्टी बसवली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सध्या मी स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र वापरतो, २०२२ साली आलेला पहिला, एलसीडी पडद्याचा. परदेशातून परतलेल्या मित्राकडून तो घेतला. भारतात त्याची अधिकृत विक्री नसल्याने हमीचा आधार नाही, हे पत्करूनच घेतला. त्याच्याही स्टिक पोटेन्शिओमीटरच्याच आहेत. तरीही तो निवडला, कारण मागचे आठ स्क्रू काढले की तो उघडतो, आणि स्टिकचे सुटे भाग वेगळे विकत मिळतात. पूर्वी मी प्रोसेसर आणि पडद्याचे आकडे आधी पाहत असे. आता वस्तू उघडते का आणि भाग मिळतो का, हे आधी पाहतो.

आपले अनुभव सविस्तर लिहावेत. गाव, समुद्रापासूनचे अंतर आणि किती पावसाळे लोटले, एवढे जरूर नमूद करावे.

वाळपईचा वाटसरू · १२ जुलै, रात्री ११.१५

फार उपयुक्त धागा. आमच्या सत्तरीत समुद्राचा खारा वारा पोहोचत नाही, तरीही माझे नुकसान तुमच्यापेक्षा कमी नाही. डोंगराच्या पायथ्याचे घर, चिऱ्याच्या जाड भिंती, आणि जून लागला की त्या आतून ओल धरतात. कॅमेऱ्याची एक चांगली लेन्स मी कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवली होती. चवथीला फोटो काढण्यासाठी बाहेर काढली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली होती. कातडे स्वतःच ओल धरते आणि बुरशीला खाद्यही पुरवते, हे मला नंतर कळले. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी, असे सर्वत्र सांगितले जाते. आमच्या घरात तो आकडा मी फक्त जानेवारीत पाहतो.

दुसरा मुद्दा विजेचा आहे. पावसाळ्यात झाड तारेवर पडले की आमच्याकडे तासन्‌तास वीज नसते. पूर्वी मी डेस्कटॉपवर खेळत असे, आणि वीज जाण्याच्या एका क्षणात साठवलेला खेळ दोनदा बिघडला. आता हातातल्या यंत्रावर खेळतो. तुमच्याकडे जो डेक आहे त्याची बॅटरी ४० वॉट-तासांची आहे. मोठा त्रिमितीय खेळ लावला आणि यंत्राने एकूण २५ वॉट ओढले, तर दीड तासाच्या आसपास सर्व संपते. परंतु ‘स्टारड्यू व्हॅली’सारखा साधा द्विमितीय खेळ, पडद्याचा उजेड कमी करून आणि प्रोसेसरची वीजमर्यादा खाली आणून चालवला, तर ८ वॉटमध्ये भागते आणि पाच तास मिळतात. बाहेर झड लागलेली असताना, अंधाऱ्या घरात, या पाच तासांचे मोल शहरात राहणाऱ्याला सहज समजणार नाही.

गोव्याबाहेरचा गोंयकार · १३ जुलै, सकाळी ८.०५

धागा आवडला, मात्र एका निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी मूळचा डिचोलीचा, गेली नऊ वर्षे पुण्यात आहे. येथे समुद्र नाही आणि वर्षातले आठ महिने हवा कोरडी असते, तरीही माझ्या दोन कंट्रोलरना ड्रिफ्ट झाला. पोटेन्शिओमीटरची पट्टी घर्षणाने झिजते, तिची भुकटी आत साचते, आणि स्टिक मध्यावर परत आणणारी स्प्रिंग सैल होते. ही झीज आहे, गंज नव्हे. मी खेळतोही पुष्कळ. तेव्हा तुमच्या कन्सोलमध्ये कळंक दिसला म्हणून ड्रिफ्ट कळंकामुळेच झाला, असे म्हणणे मला घाईचे वाटते. ज्या जोडणीवर कळंक होता, ती स्टिकचीच होती का?

जाता जाता, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केलेला ‘राजी’ हा २०२० सालचा खेळ कोणी हातातल्या यंत्रावर खेळला आहे का? मी तो टीव्हीवर खेळलो. त्यातल्या भित्तिचित्रांचे बारकावे लहान पडद्यावर कसे दिसतात, याची उत्सुकता आहे.

करंजाळ्याचा वारा · १३ जुलै, सकाळी १०.३०

आपला आक्षेप रास्त आहे. मी काढलेली छायाचित्रे पुन्हा पाहिली. कळंक चार्जिंगच्या जोडणीजवळ होता, स्टिकच्या जोडणीवर नव्हता. त्यामुळे ड्रिफ्टचे कारण झीज असण्याची शक्यता मी मान्य करतो. ओल्या हवेने झिजलेली भुकटी पट्टीला चिकटून राहत असेल का, हा प्रश्न मनात उरतोच, पण तो माझ्या पुराव्याने सुटणारा नाही.

‘राजी’ मी डेकवर खेळलो आहे. सात इंची, १२८० गुणिले ८०० बिंदूंच्या पडद्यावरही रंग सुरेख दिसतात. फक्त उपशीर्षकांची अक्षरे वाचायला डोळ्यांना ताण पडतो.

शुक्रवारचा बाजार · १३ जुलै, दुपारी ३.५०

म्हापशात माझे मोबाईल आणि लॅपटॉप दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. या विषयावर लिहायला मला विशेष आस्था वाटते, कारण जून ते ऑक्टोबर माझ्या टेबलावर जे येते त्यातले बरेचसे याच कारणाचे असते.

पहिली गोष्ट चार्जिंग पोर्टची. यूएसबी-सी पोर्टमध्ये २४ संपर्कबिंदू असतात आणि ते एकमेकांच्या अतिशय जवळ असतात. त्यांपैकी काहींवर चार्जिंगच्या वेळी ५ व्होल्ट, जलद चार्जर असेल तर २० व्होल्टपर्यंतही दाब येतो. पोर्टमध्ये खारी ओल असताना केबल लावली, की विजेच्या दाबाखालचा धातू अक्षरशः विरघळतो. भिंगातून पाहिले तर तेवढेच बिंदू काळे पडलेले दिसतात आणि शेजारचे लखलखीत असतात. पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना फोन देतो ती याचसाठी. लोक फोन झटकतात, सूचना घालवतात आणि पुन्हा केबल लावतात. कृपया तसे करू नये. फोन बंद करून, पोर्ट खाली करून, पंख्याच्या वाऱ्यात काही तास ठेवावा.

दुसरी गोष्ट तांदळाची. भिजलेला फोन उकड्या तांदळाच्या डब्यात घालून माझ्याकडे आणणारे गिऱ्हाईक आठवड्यातून एक तरी असते. तांदूळ बोर्डावरच्या चिपखाली शिरलेले पाणी ओढून घेत नाही. उलट त्याचा कोंडा पोर्टमध्ये अडकतो. ॲपलनेही २०२४ मध्ये आयफोन तांदळात ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले. तांदळात घालवलेले दोन दिवस हेच खरे नुकसान असते, कारण तेवढ्या काळात कळंक वाढत राहतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. बोर्ड साफ करायला सर्वजण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात आणि ते उत्तमच आहे. परंतु मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, ते पाण्यात विरघळते. समुद्रात पडलेला किंवा किनाऱ्यावर खराब झालेला बोर्ड नुसत्या अल्कोहोलने पुसला तर तो स्वच्छ दिसतो आणि महिन्याभरात परत येतो. मी बॅटरी अलग करून बोर्ड आधी शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाण्याने मऊ ब्रशने धुतो, आणि मग ९९ टक्क्यांच्या अल्कोहोलने ते पाणी हटवतो. पाणी आणि इलेक्ट्रॉनिक्स हे शब्द एकत्र ऐकून गिऱ्हाईक दचकते. तरी क्रम हाच आहे. मात्र हे घरी करून पाहू नये, विशेषतः बॅटरी जोडलेली असताना कधीच नाही.

आयपी-६८, म्हणजे पाणी-धूळरोधक, असे लिहिलेला फोन घेऊन बागा-कळंगुटच्या लाटांत उतरणाऱ्यांसाठीही दोन वाक्ये. ही चाचणी नव्या फोनवर, स्थिर आणि गोड्या पाण्यात होते. खारे पाणी, लाटांचा मारा, वाळू आणि दोन उन्हाळ्यांनी कडक झालेले रबरी सील यांची हमी तो आकडा देत नाही.

करंजाळेकरांना माझ्या कामातले एक निरीक्षण सांगतो. रोज वापरली जाणारी यंत्रे माझ्याकडे कमी येतात. यंत्र चालते तेव्हा त्याची स्वतःची उष्णता आतली ओल हटवते. कपाटात जपून ठेवलेली, महिनोन्‌महिने बंद असलेली यंत्रेच अधिक सादळतात.

सुरंगी · १४ जुलै, रात्री ८.२०

मडगावात, समुद्रापासून सात-आठ किलोमीटर आत राहते. आपल्या सर्वांइतके तांत्रिक ज्ञान मला नाही; तरी एक अनुभव लिहिते, कारण तो येथे अजून कोणी मांडलेला नाही.

माझ्याकडे दहा वर्षांपूर्वीचा ई-वाचक आहे. तो आजही व्यवस्थित चालतो, आणि याचे मला कौतुक वाटते. ई-इंकच्या पडद्यात काळे-पांढरे विद्युतभारित कण सूक्ष्म कुप्यांत असतात आणि पान बदलतानाच वीज लागते, त्यामुळे यंत्र तापत नाही, पंखा नाही, आणि आत हवा ओढली जात नाही. त्याउलट त्याच सुमारास घेतलेल्या हेडफोनच्या कानाच्या गाद्यांचे काळे पापुद्रे तिसऱ्याच वर्षी गालाला चिकटू लागले. माउसच्या ज्या बाजूंना रबरासारखा मऊ लेप होता, त्याही चिकट झाल्या. जणू कोणी काकवी सांडली आहे. मी आधी घामाला दोष दिला. नंतर समजले की हा लेप आणि ते नकली कातडे पॉलियुरेथेनचे असते, आणि हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रासायनिक साखळ्या तुटत जातात. वापरा किंवा न वापरा, ते होतेच. तेव्हापासून मी मऊ लेपाची वस्तू घेत नाही. साधे, खरखरीत प्लास्टिक पाहते. हेडफोनच्या गाद्या कापडी आणि बदलता येणाऱ्या घेते.

एक विचारायचे आहे. सिलिका जेलच्या पुड्या प्रत्येक खोक्यातून निघतात. त्या जमवून डब्यात टाकल्या तर पुरेल का, आणि त्या पुन्हा वाळवता येतात का?

करंजाळ्याचा वारा · १४ जुलै, रात्री १०.००

सुरंगीताई, खोक्यातून निघालेल्या पुड्या आपल्या हवेत तासा-दोन तासांत तृप्त होतात, त्यामुळे त्यांचा उपयोग होत नाही. सुटी सिलिका जेल किलोवर मिळते. ती स्वतःच्या वजनाच्या साधारण तृतीयांशापर्यंत पाणी धरू शकते. रंग बदलणारी घ्यावी, पण निळी नको. निळ्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराईड वापरतात आणि ते विषारी आहे. नारिंगी मण्यांची मिळते, ती घ्यावी. सुमारे ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास ठेवली की ती पुन्हा कामाला येते. पावसाळ्यात अंगणात वाळत घालून काही होत नाही. डब्याच्या झाकणाला रबरी कड असलीच पाहिजे.

माझीही एक चूक येथे नोंदवतो. मी बावीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत खेळून, यंत्र हातात घेऊनच गॅलरीत जाऊन बसत असे. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. याचा अर्थ बावीस अंशांवर थंड झालेल्या यंत्रावर, आणि पंखा चालू असेल तर यंत्राच्या आतही, बाहेर येताक्षणी दव बसणार. चष्म्याच्या काचा धुकट होतात ते आपण पाहतो. तेच बोर्डावर होत असते. आता मी यंत्र बंद करून त्याच्या पेटीत घालतो आणि ते बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत अर्धा तास पेटी उघडत नाही.

खाजणराखण · १५ जुलै, दुपारी १२.१०

मी फोंडा तालुक्यात राहतो आणि चाळीस वर्षे वायरमनचे काम केले आहे. खेळ मी खेळत नाही, परंतु नातवाचे कन्सोल आणि संगणक माझ्याच देखरेखीखाली असतात. ओलाव्याविषयी येथे पुष्कळ चांगले लिहिले गेले; विजेविषयी वाळपईच्या भावांनी सुरुवात केली आहे, ती पुढे नेतो.

वीज गेल्याने वस्तू सहसा जळत नाही. ती परत येते त्या क्षणी दाब वरखाली होतो आणि नुकसान तेव्हा होते. म्हणून वीज गेली की कन्सोल, टीव्ही आणि राउटर यांचे प्लग काढावेत आणि वीज स्थिरावल्यावर पाच मिनिटांनी लावावेत. संगणकासाठी लाईन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्यावा. तो दाब थोडा कमी-जास्त झाला तर बॅटरीवर न जाता स्वतःच सावरून घेतो. घेताना शुद्ध साईन वेव्ह देणारा आहे का, हे विचारावे. संगणकांच्या आधुनिक वीजपुरवठ्यांपैकी काहींना चौकोनी लहरी मानवत नाहीत आणि बॅटरीवर जाताच ते बंद पडतात.

सर्ज प्रोटेक्टर लावला म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. त्याच्या आतला घटक प्रत्येक धक्क्यागणिक थोडा थोडा मरत असतो, आणि जास्तीचा दाब जमिनीत सोडायला अर्थिंग लागते. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत हीच अडचण आहे. एप्रिल-मे महिन्यांत ही जमीन इतकी कोरडी होते की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडतात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओतण्याची पद्धत जुन्या घरांत होती. नव्या इमारतींत खड्डा कोठे आहे, हेही रहिवाशांना माहीत नसते. आपल्या ओळखीच्या वायरमनला बोलावून एकदा अर्थिंग मोजून घ्यावी. लाखभराच्या उपकरणांपुढे तो खर्च किरकोळ आहे.

ढगांचा गडगडाट सुरू झाला की तांब्याच्या तारेने येणारी इंटरनेटची केबलही काढावी. फायबरची केबल काचेची असल्याने तिच्यातून विजेचा धक्का येत नाही, मात्र त्या डब्याचा वीजपुरवठ्याचा प्लग काढायला विसरू नये.

तेरेखोलकाठ · १६ जुलै, रात्री ९.३०

सर्वांचे आभार. मी पेडण्याचा, महाविद्यालयात शिकतो. दोन वर्षे पैसे साठवले आहेत. यंदा ५ जूनला आलेला निन्टेन्डोचा स्विच २ हा कन्सोल घ्यावा, असे मनात आहे. ७.९ इंची पडदा, १२० हर्ट्‌झ, सर्व काही आवडले आहे. वरचे सर्व वाचून आता मन डळमळले. काय करावे?

करंजाळ्याचा वारा · १६ जुलै, रात्री १०.१५

जे खेळ तुम्हाला खेळायचे आहेत ते फक्त निन्टेन्डोचेच असतील, तर त्याला पर्याय नाही आणि मी अडवणार नाही. यंत्र म्हणून ते देखणे आहे, पडदाही पहिल्या स्विचच्या एलसीडीपेक्षा स्पष्टपणे सरस आहे. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्या. त्याच्या जॉय-कॉन २ या कंट्रोलरमध्ये हॉल इफेक्टच्या स्टिक नाहीत, हे कंपनीनेच सांगितले आहे. आणि भारतात निन्टेन्डोची अधिकृत विक्री नसल्याने, दुकानदार जी हमी सांगेल ती त्या दुकानापुरतीच असेल. ती कागदावर लिहून घ्या.

खेळ कोणतेही चालणार असतील, तर माझे मत वेगळे आहे. तुमच्याकडे जो संगणक असेल त्याला हॉल संवेदकाचा एक चांगला कंट्रोलर जोडा. ८बिटडू आणि गुलिकिट यांचे असे कंट्रोलर भारतीय खिशाला परवडतील अशा किमतीत मिळतात. उरलेले पैसे सहा महिने थांबवा. नवे यंत्र पहिल्या वर्षात घेणाऱ्यांनी ज्या अडचणी सोसलेल्या असतात, त्या तोवर सर्वांना कळलेल्या असतात. दोन वर्षांची बचत आहे तुमची. तिचा विचार मी माझ्या पैशांपेक्षा काळजीने करतो आहे.

शुक्रवारचा बाजार · १६ जुलै, रात्री ११.००

पेडण्याच्या भावाला एवढेच सांगेन की जॉय-कॉनच्या स्टिक बदलण्याचे काम मी करतो, परंतु स्विच २ अजून माझ्या टेबलावर आलेला नाही. भाग बाजारात सहज मिळू लागेपर्यंत थांबण्याचा सल्ला मीही देईन.

वाळपईचा वाटसरू · १८ जुलै, सकाळी ७.४५

आमच्या घरी आजीच्या काळापासून कपड्यांच्या कपाटात पावसाळाभर एक लहान दिवा लावून ठेवतात. तो यंत्रांसाठी उपयोगी पडेल का? करंजाळ्याच्या भावांनी मोजून पाहावे, अशी विनंती.

करंजाळ्याचा वारा · २० ऑगस्ट, रात्री ९.००

उशिराबद्दल क्षमस्व. महिनाभर मोजमाप केल्याशिवाय लिहायचे नाही, असे ठरवले होते.

वाळपईकर, आजींची युक्ती खरी ठरली. हवा तापवली की तिच्यातली वाफ तेवढीच राहते, परंतु तिची पाणी धरण्याची क्षमता वाढते. २७ अंश आणि ९० टक्क्यांची हवा पाच अंशांनी तापवली तर सापेक्ष आर्द्रता हिशेबाने ६८ टक्क्यांच्या आसपास येते. मी लाकडी कपाटाच्या तळाच्या कप्प्यात १५ वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा, भोवती जाळी लावून आणि कापडापासून हातभर दूर, बसवला. वरच्या कप्प्यात ६५ ते ७० टक्के मिळाले. साधे मीठ पाझरण्याची जी ७५ टक्क्यांची रेषा आहे, तिच्या खाली आपण येतो. एलईडी दिव्याने हे साधत नाही, तो पुरेसा तापत नाही. शेजारच्या उघड्या फळीवरचा मापक त्याच दिवसांत ८७ ते ९२ दाखवत होता. नारिंगी सिलिका जेल घातलेल्या रबरी कडेच्या डब्यात ३८ ते ४३ टक्के होते, आणि महिन्यात ती जेल दोनदा ओव्हनमध्ये वाळवावी लागली. कॅमेऱ्याच्या लेन्स आणि जुने कन्सोल आता डब्यात आहेत. लॅपटॉप आणि रोजची यंत्रे दिव्याच्या कपाटात.

बॅटरीच्या दृष्टीने मात्र उष्णता वाईट, म्हणून जे महिनाभर वापरायचे नाही ते ५० टक्के चार्ज करून डब्यातच ठेवतो, कपाटात नाही.

गेल्या रविवारी डेकच्या दोन्ही स्टिक काढून हॉल इफेक्टचे भाग बसवले. पाऊण तास लागला. मध्यबिंदूचे अंशांकन प्रथम चुकले आणि उजवी स्टिक वर ओढू लागली. पुन्हा केल्यावर बरोबर आले. डेडझोन जवळजवळ शून्यावर आणूनही पात्र जागेवर स्थिर उभे राहते. यंत्र उघडलेच होते म्हणून पंख्याची पाती पाहिली. त्यांवर पांढुरका थर होता. शुक्रवारच्या बाजाराच्या सूचनेप्रमाणे पंखा सुटा करून त्याची पाती आधी डिस्टिल्ड पाण्यात बुडवलेल्या कापसाने आणि मग अल्कोहोलने पुसली. कापसाचा बोळा करडा झाला होता.

शुक्रवारचा बाजार · २० ऑगस्ट, रात्री ९.४०

चांगले काम केलेत. काढलेल्या जुन्या स्टिक टाकून देऊ नका. चवथीनंतर म्हापशाला येणे झाले तर घेऊन या; पट्टी उघडून भिंगाखाली पाहू, म्हणजे झीज की कळंक, हा पुणेकरांचा प्रश्न निदान तुमच्या यंत्रापुरता तरी सुटेल.

गोव्याबाहेरचा गोंयकार · २१ ऑगस्ट, सकाळी ७.३०

मी २६ तारखेला चवथीसाठी डिचोलीला येत आहे. माझ्या दोन कंट्रोलरच्या निकामी स्टिकही सोबत आणतो. एक कोरड्या हवेतली आणि एक करंजाळ्याची, अशा शेजारी ठेवूनच पाहाव्यात.